पंचहौदचा चहा आणि बहिष्काराचे समाजशास्त्र

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक असे नामांकित लोक तिथे होते. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हाती धरला. गोष्ट तिथेच संपली असती. पण गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीचे नियम मोडल्याचा वाद, उभे राहिले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली.

रूढ नियम मोडणाऱ्या वर्तनाला समाजशास्त्रात ‘विचलन’ म्हणतात. हॉवर्ड बेकर या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ मध्ये मांडले की विचलन मुळात कृतीत नसतेच. नियम करणारे आणि तो कुणावर लावायचा हे ठरवणारे लोक ते घडवतात. पंचहौदला चहा घेतला तेव्हा कुणी बाटले नव्हते. यादी छापली गेली, तेव्हा बाटले.

पण चारचौघांनी नावे ठेवली म्हणून माणूस इतका का वाकतो? मला यातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहिष्कारात मारहाण करावी लागत नाही. भिक्षुक घरी येत नाही, मुलीला स्थळ येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. लग्न, धर्मकार्य, उसनवारी, शेजार हे सगळे एकाच वर्तुळातल्या माणसांशी बांधलेले असले, की ते वर्तुळ तुटताच सगळेच तुटते. शिवाय शिक्षा एकट्याला होत नाही. वाळीत पडलेल्याशी संबंध ठेवणाराही वाळीत पडतो, म्हणून मनातून सहानुभूती असलेलेही गप्प बसतात.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले, तेव्हा कोकणातल्या मुरुड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ गावातच राहणाऱ्या त्यांच्या घरच्यांनाही लागली. कर्वे मात्र तगले. धैर्य तर होतेच, पण पुण्यात फर्ग्युसन कॉलेजातली नोकरी होती, सुधारक मित्रांचा गोतावळा होता. मुरुडकरांचा हात तिथवर पोचत नव्हता. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवले, की नव्या संधी आणि बातम्या बहुतेकदा जिवलगांकडून नव्हे, तर जुजबी ओळखीच्या माणसांकडून येतात, कारण ती वेगळ्या वर्तुळात वावरतात. ज्याच्या ओळखी वर्तुळाबाहेर नाहीत, त्याला पंचांपुढे नाक घासण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला. तो २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. ज्यांनी दुसऱ्याला गुन्हेगार ठरवायचे, तेच आता कायद्याने गुन्हेगार ठरतात. अडचण पुराव्याची आहे. लग्नाला न बोलावणे, हाकेला ओ न देणे, दुकानात माल संपला म्हणणे यातले काहीच कागदावर येत नाही, आणि साक्ष द्यायची ती त्याच वर्तुळातल्या, उद्या तिथेच राहायचे असलेल्या माणसाने.