कार्पेटच्या वासातून आलेली चाचणी

रंग नवा, प्लायवुड नवे, कार्पेट नवे आणि आत माणूस एकही नाही. अशा नूतनीकरण झालेल्या कार्यालयात साधारण बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर छोटे पंप ठेवतात, निदान चार तास हवा नळ्यांमध्ये ओढून घेतात आणि त्या नळ्या प्रयोगशाळेत पाठवतात. पर्यावरणपूरक इमारतींना मिळणाऱ्या 'लीड' या हरित प्रमाणपत्रासाठी ही चाचणी आता ओळखीची झाली आहे. तिच्या तक्त्यातले आकडे मात्र वेगवेगळ्या काळातल्या तक्रारींतून आले आहेत.

बंद खोलीतली हवा मोजण्याची कल्पना जुनी आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये कार्बन डायऑक्साइड हजारात एका भागापेक्षा जास्त नसावा असे सुचवले. त्यांच्या दृष्टीने तो वायू हे विष नव्हते. खोलीत किती उच्छ्वास साचला आहे, हे त्यावरून कळत असे. म्हणजे हवा बिघडवतो तो माणूस, असे गृहीत धरलेले होते. भिंती, फर्निचर आणि जमीन यांच्याकडे पुढची शंभर वर्षे फारसे कोणी बोट दाखवले नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने चित्र बदलले. बाहेरची हवा आत घेऊन ती गरम किंवा थंड करायला ऊर्जा लागते, म्हणून अमेरिकेत माणशी मिनिटाला सुमारे १५ घनफूट असलेले ताज्या हवेचे प्रमाण ५ वर आणले गेले. खिडक्या न उघडणाऱ्या घट्ट इमारती उभ्या राहिल्या. नेमक्या त्याच काळात चिकटवलेल्या लाकडी फळ्या, कृत्रिम धाग्यांची कार्पेट आणि नाना तऱ्हेचे गोंद स्वस्त झाले. डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, घसा कोरडा पडणे आणि घरी गेले की बरे वाटणे, या अनुभवाला 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' असे नाव मिळाले. नव्या आणि नूतनीकरण केलेल्या ३० टक्क्यांपर्यंत इमारतींत अशा तक्रारी असू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने १९८४ मध्ये म्हटले. ताज्या हवेचे प्रमाण पुन्हा १५ घनफुटांवर यायला १९८९ उजाडले.

त्या आधीच पर्यावरणाचे रक्षण करणाऱ्या खात्यावरच ही वेळ आली होती. १९८७-८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वॉशिंग्टनमधील वॉटरसाइड मॉल इथल्या मुख्यालयात नवे कार्पेट घातले गेले आणि कर्मचारी आजारी पडू लागले. संशयाची सुई ४-फिनाइलसायक्लोहेक्सीनकडे वळली. कार्पेटच्या पाठीला लावलेल्या लेटेक्समधून निघणारे हे रसायन म्हणजेच आपण ज्याला 'नव्या कार्पेटचा वास' म्हणतो तो. त्रास त्यानेच झाला, हे निर्णायकपणे सिद्ध झाले नाही. तरी वचक बसला. १९९२ मध्ये कार्पेट उद्योगाने स्वतःच उत्सर्जनाची चाचणी आणि लेबल सुरू केले.

दुधाने तोंड पोळल्यावर या संस्थेने ताकही फुंकून प्यायचे ठरवलेले दिसते. नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल पार्क इथे स्वतःचे नवे संकुल बांधताना तिने साहित्याच्या आणि रिकाम्या इमारतीतल्या हवेच्या चाचणीच्या अटी कंत्राटातच घातल्या. 'लीड'च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी चाचणीसाठी थेट त्याच अटींकडे बोट दाखवले. २००५ च्या आवृत्तीत त्यांचा तक्ता झाला. चिकटवलेल्या लाकडी फळ्यांच्या गोंदातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या वायूची मर्यादा तेव्हा अब्जात ५० भाग होती, ती पुढे २७ वर आली. रंग, गोंद यांतून हवेत उडणाऱ्या एकूण सेंद्रिय बाष्पांना घनमीटरमागे ५०० मायक्रोग्रॅम मिळाले. हा शेवटचा आकडा मला नेहमीच ढोबळ वाटतो, कारण संत्र्याच्या सालीचा वास देणारे लिमोनिन आणि कर्करोगाशी नाते असलेले बेंझिन तो एकाच तराजूत घालतो.

चाचणी नको असेल तर दुसरा मार्ग आहे 'फ्लश-आउट'चा. जमिनीच्या दर चौरस फुटामागे १४,००० घनफूट बाहेरची हवा खेळवायची. चौरस फुटामागे मिनिटाला ०.३ घनफूट या वेगाने त्याला बत्तीस दिवस लागतात. भाडे सुरू झालेल्या कंपनीला एवढा धीर कुठून असणार? म्हणून नूतनीकरणात चाचणीकडे ओढा असतो. पण निम्मी इमारत चालू असते. हवा वाहून नेणारे जुने डक्ट दोन मजल्यांत सामाईक असतात आणि खालच्या मजल्यावरचा रंग वरच्या मजल्याच्या नमुन्यात उतरतो. एखाद्या ठिकाणी आकडा मर्यादेबाहेर गेला, तर तिथे पुन्हा हवा खेळवून नमुना पुन्हा घ्यावा लागतो.

२००५ च्या त्या तक्त्यात एक ओळ होती: ४-फिनाइलसायक्लोहेक्सीन, घनमीटरमागे ६.५ मायक्रोग्रॅम. खाली बारीक टीप होती, की ही चाचणी फक्त लेटेक्सची पाठ असलेले कार्पेट किंवा कापड बसवले असेल तरच करावी.