पायलट व्हायचंय? आधी कान समजून घ्या

विमान शिकणाऱ्या पोरांमध्ये आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबापांमध्ये एक गैरसमज पक्का बसलाय, की ह्युमन फॅक्टर्स (उडताना माणसाचं शरीर आणि मन कुठे चुकतं त्याचा अभ्यास) आणि सेफ्टी हा मॅनेजमेंटवाल्यांचा विषय, जरा गोड बोला, टीममध्ये काम करा, टेन्शन घेऊ नका वगैरे, आधी उडायचे २०० तास भरा, सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स हातात घ्या आणि मग वेळ उरला तर बघा. माझ्या भाच्यालाही हाच सल्ला मिळालाय. त्याचं ग्राउंडचं, म्हणजे उडण्याआधीचं वर्गातलं शिक्षण चालू आहे, सोबत ह्युमन फॅक्टर्सचा एक कोर्स करावा का म्हणून त्याने मला विचारलं. मी म्हटलं सोबतच कर, नंतर करून अर्धा उपयोग वाया जातो. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आपल्या नाशिकला विमानाचं तसं अप्रूप नाही. ओझरला एचएएलमध्ये आधी मिग बनली मग सुखोई बनली, गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरवाल्यांची ट्रेनिंग स्कूल, त्यामुळे आकाशात घरघर ऐकू आली तरी इथे कुणी मान वर करत नाही. पण पायलटला काय लागतं विचारलं की उत्तर ठरलेलं: नजर चांगली पाहिजे आणि काळीज वाघाचं पाहिजे. कानाचं नाव कुणी घेत नाही, आणि खरी गंमत कानातच आहे.

शाळेत आपण आंतरकर्ण शिकलो, आकृती काढून नावं दिली की चार मार्क. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींना साधारण काटकोनात, म्हणजे मान वर-खाली, डावी-उजवी, खांद्याकडे कलती, कशीही फिरली तरी कुठली ना कुठली नळी ते पकडणार. नळीत द्रव भरलेला असतो, आणि एका जागी क्युप्युला नावाचा मऊ लवचिक पडदा वाट अडवून उभा असतो, त्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशी. आता चहाचा कप हातात धरून एकदम गोल फिरवा, कप फिरतो पण वरची साय होती तिथेच राहते. तसंच डोकं फिरलं की नळी फिरते, द्रव मागे राहतो, त्याच्या दाबाने पडदा वाकतो, केस वाकतात, मेंदूला निरोप जातो की आपण फिरतोय.

इथपर्यंत सगळं छान आहे. पण फिरणं एकाच वेगाने चालू राहिलं तर काय होतं? द्रवही हळूहळू नळीच्या वेगाने फिरायला लागतो, पडदा परत सरळ होतो, आणि साधारण वीस सेकंदांत निरोप येणंच बंद. म्हणजे तुम्ही फिरताय पण कान म्हणतो स्थिर आहोत. आणि मग फिरणं थांबलं की नळी थांबते पण द्रव पुढे जात राहतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि मेंदूला निरोप जातो की आपण उलट दिशेने फिरतोय. थोडक्यात हा अवयव फिरण्याचा वेग मोजतच नाही, वेगातला बदल मोजतो, आणि तो बदल फारच हळू असेल तर तोही मोजत नाही.

हे आम्ही घरी करून बघितलं. भाच्याला कॉम्प्युटरच्या फिरत्या खुर्चीत बसवलं, डोळ्याला ओढणी बांधली, पंखा बंद केला कारण वाऱ्यावरून दिशा कळते, आणि सांगितलं की ज्या बाजूला फिरतोयस असं वाटेल तिकडे अंगठे दाखव. ताईने त्याला डावीकडे एकसारखं फिरवत ठेवलं. आधी अंगठे बरोबर डावीकडे होते, मग सैल पडत पडत सरळ वर झाले, खुर्ची फिरतेच आहे आणि हा म्हणतो थांबवलीस ना. मग ताईने खुर्ची खरंच थांबवली तर अंगठे टचकन उजवीकडे! पट्टी सोडल्यावर स्वारी आमच्याकडे संशयाने बघत होती. (नाजूक पोटाच्या माणसावर जेवल्यानंतर करू नका.) अशा खुर्चीला बारानी चेअर म्हणतात, रॉबर्ट बारानी यांना याच अवयवाच्या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं.

आता खुर्चीऐवजी ढगात शिरलेलं विमान धरा. नेहमीच्या वळणाचा वेग सेकंदाला ३ अंश, म्हणजे पूर्ण गोल फिरायला दोन मिनिटं. कान वीस सेकंदांतच झोपला. बाहेर सगळं पांढरं, क्षितिज नाही. विमान कललेलं आहे, नाक खाली जातंय, उंची कमी होतेय, पण अंगाला वाटतंय सरळ चाललोय. मग उंची वाढवायला नवशिका स्टिक मागे ओढतो, आणि कललेल्या विमानात स्टिक ओढली की वळण आणखी आवळतं, उंची आणखी जाते. याला ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात. समजा त्याने विमान सरळ केलंच, तर कान ओरडतो की आता उलटीकडे वळतोय, म्हणून तो परत जुन्या वळणात जातो. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं, म्हणजे नुसती समोरची यंत्रं बघून उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं होतं, विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाही.

मग इन्स्ट्रुमेंटवर विश्वास ठेवला की झालं? तेवढं सोपं असतं तर कोर्सची गरज नव्हती. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ८५५ नंबरचं जम्बो रात्री मुंबईहून दुबईला निघालं, समुद्रावर आल्यावर उजवं वळण घेऊन सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचा आर्टिफिशियल होरायझन (विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र) उजवीकडे कललेलाच दाखवत अडकला. तो डावीकडे वळवत गेला. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, कानाकडून धड काही नाही. को-पायलटसमोरचं यंत्र बहुधा बरोबर होतं, पण दोघांचं त्या काही सेकंदांतलं बोलणं इतकं गोंधळाचं झालं की दोन्ही यंत्रं बिघडलीत असा कॅप्टनचा समज झाला असावा. टेकऑफनंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याजवळ समुद्रात गेलं, २१३ माणसं गेली. आधी घातपाताचा संशय होता. म्हणजे एकाच यंत्रावर विसंबायची नाही तर सगळी यंत्रं एकमेकांशी ताडून बघायची सवय, आणि शेजारच्याशी एका अर्थाचंच वाक्य बोलायची सवय, दोन्ही लागतात. चॅनेलवर 'पायलटची चूक' एवढी पट्टी फिरवून विषय संपवतात तेव्हा म्हणूनच डोकं सटकतं.

कानात दुसराही एक प्रकार आहे, ऑटोलिथ, कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. डोकं कललं की गुरुत्वाकर्षणाने ते सरकतात. पण विमान पुढे जोरात पळालं तरी ते मागे सरकतातच, आणि दोन्हीतला फरक त्यांना कळत नाही, कळूच शकत नाही, आइनस्टाइनचं समतुल्यतेचं तत्त्व इथे पायलटच्या कानात उतरलंय. हिशोब असा: प्रवेग २ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्व ९.८, भागाकार ०.२, हा ज्या कोनाचा टॅन तो कोन साधारण साडेअकरा अंश. म्हणजे अंधारात नुसता वेग वाढवला तर वाटणार की नाक आहे त्यापेक्षा साडेअकरा अंश वर गेलंय, आणि घाबरून नाक खाली दाबलं की प्रवेग आणखी वाढून भास आणखी वाढतो. गणिताचा कंटाळा असेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवा की जमिनीजवळ हे जिवावर बेततं.

यावर त्र्यंबकला जाऊन कालसर्प शांती करून उपयोग नाही. सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडायच्या आधी ती करून आलेली मंडळी आहेत, श्रद्धा तुमची, पण नळीतला द्रव दक्षिणा बघून थांबत नाही. 'सिक्स्थ सेन्स जागृत करा' वाल्या सेमिनारांचं तर नावच काढू नका, ढगात ज्याचं ऐकायचं नाही तोच तर हा आतला आवाज.

थकवा, झोप, वरिष्ठांना टोकण्याचा संकोच, हेही याच विषयात येतं. मंगळूरला २०१० मध्ये विमान अपघातात काय झालं ते बघा, कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपून नुकता जागा झालेला, को-पायलटने लँडिंग सोडून परत वर चला असं तीनदा सांगितलं, तरी विमान टेकवलं गेलं, ते धावपट्टीच्या पुढे जाऊन कोसळलं आणि १५८ जण गेले. त्यावर वेगळा लेख होईल.

सोबत शिकण्याचा फायदा सरळ आहे, पुस्तकात भास वाचलेला असतो आणि त्याच आठवड्यात शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतो. हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर लावायची झापड) लावून इन्स्ट्रुमेंटवर उडायचे तास असतात, तेव्हा इन्स्ट्रक्टरला सांगायचं की मला डोळे मिटायला लावा, विमान कसंही कलवा आणि मग सावरायला द्या. डोळे उघडण्याआधी आपल्याला काय वाटत होतं ते मोठ्याने बोलायचं, खाली उतरलं की लॉगबुकाशेजारी वहीत लिहायचं: काय वाटलं, यंत्र काय म्हणत होतं. वळणात असताना वाकून पडलेलं पेन उचलायचं नाही, एक नळी शांत झालेली असताना मान दुसऱ्या पातळीत फिरली की जग गरगरतं.

आणि सर्दी. डिसेंबरात निफाडकडची थंडी आली की अर्धं गाव शिंकतं, आणि पोरं स्लॉट, म्हणजे उडायची ठरलेली पाळी, जाईल म्हणून गोळी घेऊन उडायला जातात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि नाकाकडून कानाकडे जाणारी युस्टेशियन नळी बंद असेल तर उतरताना कानाच्या पडद्यावर दाब येऊन कळ अशी येते की उंची किती ते वाचायचं भान राहत नाही. स्लॉट पुढच्या आठवड्यात परत मिळतो, इन्स्ट्रक्टर काय म्हणेल म्हणून जाऊ नका.