अकूस्टिक गिटारचा आकार निवडताना

आमच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक आधी ड्रेडनॉट गिटारकडे वळतात, कारण सर्वत्र तीच दिसते आणि तिचा आवाज पहिल्या झणकाऱ्यातच भरदार वाटतो. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने 1916 मध्ये डिटसन या विक्रेत्या कंपनीसाठी हा आकार घडवला. नाव मात्र ब्रिटिश युद्धनौकेवरून पडले. रुंद कंबर आणि खोल पेटी यांमुळे तिचा खर्ज दणकट असतो, म्हणून पिकने (तारा छेडण्याच्या छोट्या पातळ पट्टीने) जोरकस स्ट्रमिंग करणाऱ्यांना, म्हणजे सगळ्या तारा एकत्र छेडणाऱ्यांना, आणि समूहगीतांना साथ करणाऱ्यांना ती निःसंशय योग्य आहे.

बोटांनी एकेक तार छेडणाऱ्यांना मात्र हाच खर्ज अनेकदा अडचणीचा ठरतो, कारण जाड तारांच्या घुमण्यात पातळ तारांवरची नाजूक सुरावट बुडून जाते. त्यांनी ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) किंवा ट्रिपल-ओ (000) या आकारांची गिटार अवश्य वाजवून पाहावी. दोन्हींची पेटी सुमारे 15 इंच रुंद आणि कंबर बारीक असते. हलक्या स्पर्शालाही ती चटकन बोलते आणि प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. फरक मुख्यतः तारेच्या लांबीचा आहे: ओएममध्ये ती साधारण 25.4 इंच, तर ट्रिपल-ओमध्ये 24.9 इंच असते. कमी लांबीची तार त्याच सुराला किंचित सैल राहत असल्याने नवशिक्यांच्या बोटांना ती सोपी जाते. स्ट्रमिंग आणि फिंगरपिकिंग दोन्ही करणाऱ्यांना आम्ही ओएमच सुचवतो.

पार्लर आकार लहान असून घरगुती रियाजाला सोयीचा आहे. जम्बोचा घुमारा मोठा असला, तरी तिची सुमारे 17 इंच रुंदी लहान चणीच्या व्यक्तीला पेलत नाही.

गिटार बिनहातांच्या खुर्चीवर बसून किमान दहा मिनिटे वाजवावी, ही आमची आग्रहाची विनंती आहे. उजवा खांदा कानाकडे चढत असेल किंवा पेटीची कड दंडात रुतून लाल वळ उठत असेल, तर आवाज कितीही आवडला तरी ती गिटार घेऊ नये. अशी गिटार घरी गेल्यावर हळूहळू कोपऱ्यात उभी राहते. गाताना साथीसाठी हवी असल्यास वाजवता वाजवता गाऊन पाहावे आणि सोबतच्या व्यक्तीला समोर पाच-सहा फुटांवर बसवावे, कारण गिटारचा आवाज पुढे फेकला जातो आणि गाण्याचे शब्द त्याखाली दबतात की नाही, हे वाजवणाऱ्यापेक्षा समोरच्यालाच नीट कळते.