क्लचची प्लेट एकटीच बदलावी काय?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत घरच्या अंगणातच गाडी खोलणाऱ्यांमध्ये एक समज जुना आहे, तो असा की क्लच घसरू लागला तर फक्त प्लेट बदलावी, कारण ती प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग लोखंडी असल्याने त्यांना काही होत नाही. हा समज चुकीचा आहे.

कापसाची गाठोडी भरून, पावसाळ्यातल्या पांदण रस्त्याने अर्ध्या क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी ओढताना प्लेटचे अस्तर झिजते, आणि त्याच घर्षणाची उष्णता प्रेशर प्लेट व फ्लायव्हील (इंजिनचे जड चाक, ज्यावर प्लेट घासते) यांनाही सोसावी लागते. काढलेल्या प्रेशर प्लेटवर निळसर डाग किंवा केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, अथवा तिच्या स्प्रिंगच्या बोटांची टोके बेअरिंगने घासून खोलगट झालेली आढळली, तर नव्या प्लेटवर ती पुरेसा आणि सारखा दाब देईल याची खात्री उरत नाही. बेअरिंग हाताने फिरवून पाहावे. खरखर जाणवली की ते गेले. ते रॉकेलने धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धत तर अधिकच वाईट, कारण आतले ग्रीस त्याबरोबर निघून जाते.

खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्याची आहे (आणि ती करताना गाडी विटांवर नव्हे, भक्कम स्टँडवरच असावी). शंभरदा न खोलायची वस्तू एकदा खोललीच आहे, तर तिन्ही भाग एकत्र बदलणे आणि क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून प्लेटकडे तेल झिरपत नाही ना, हे पाहणेच स्वस्त पडते.