तळ्याकाठच्या सोप्या वाटेवर जाण्यापूर्वी

डोंगरात पहिल्यांदाच चालणाऱ्यांना, लहान मुलं बरोबर असणाऱ्यांना आणि गुडघे जपणाऱ्यांना आम्ही आधी तळ्याकाठची वाट सुचवतो. चढ नावापुरता, रस्ता चुकण्याची भीती कमी आणि डोंगर सतत समोर. या वाटेवर दमछाक फारशी होत नाही, अंदाज मात्र हमखास चुकतो.

पलीकडचा काठ पाण्यावरून फार जवळ वाटतो, कारण मधे नजरेला अंतर मोजायला काहीच नसतं. तळं साधारण गोल आणि २ किलोमीटर रुंद असेल तरी फेरी सव्वासहा किलोमीटरची होते. शिवाय वाट प्रत्येक खाचेत आत वळते, खडक आला की काठ सोडून वर जाते. म्हणून ८ किलोमीटर धरून चाला. फोटो काढत, रेंगाळत चालणाऱ्यांचा वेग ताशी ३ किलोमीटर असतो, मुलांबरोबर २. म्हणजे नुसतं चालणंच पावणेतीन ते चार तासांचं, बसणं वेगळं.

पूर्ण फेरीत निम्म्यावर पोहोचल्यावर मागे फिरून काही वाचत नाही, आणि मधून जायला पाणी आडवं. मुलं कुरकुरू लागली किंवा बूट चावू लागला, तर पहिल्या एक-तृतीयांश वाटेतच परत फिरा.

निघायचं सकाळी लवकर. जमीन तापायच्या आधी वारा पडलेला असतो, पाणी हलत नाही आणि डोंगराचं अख्खं प्रतिबिंब दिसतं. हे खरोखर बघण्यासारखं असतं. त्यासाठी झोप मोडावी. या वेळी पूर्वेच्या काठावर असाल तर सूर्य पाठीशी राहतो आणि समोरचे डोंगर उजळतात. पश्चिमेच्या काठावरून ऊन डोळ्यांवर येतं, डोंगर नुसते काळे दिसतात. फेरी कुठून सुरू करायची ते यावरून ठरवा. दुपारी वारा सुटतो, शिखरांवर ढग जमतात. संध्याकाळी सूर्य क्षितिजाआधी डोंगराआड जातो, त्यामुळे पंचांगातल्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी काठावर सावली आणि गारठा येतो. उन्हाच्या दिवशीही एक गरम कपडा आणि वारा अडवणारं जाकीट सॅकमध्ये हवंच.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी लागले, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. उघडा काठ सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच निघा.

पाय घसरतो तो बहुतेक ओढा तळ्याला मिळतो तिथे. ओल्या लाकडी साकवावर आणि शेवाळलेल्या दगडांवर लहान पावलं टाका, तळवा पूर्ण टेकवा. बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्याला दुपारनंतर पाणी वाढतं. सकाळी ओलांडलेला ओढा परतताना तसाच असेल असं धरू नका. चिखल लागला तर वाटेच्या मधूनच जा. कडेच्या गवतावरून गेल्याने गवत मरतं आणि दर मोसमात वाट रुंदावत जाते. बुटाला खोल खाचांचा तळ आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. सुती मोजे ओल धरून ठेवतात आणि फोड येतात; लोकरीचे किंवा सिंथेटिक घाला. टाचेला चुरचुरलं की लगेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

माणशी तासाला अर्धा लिटर पाणी धरा, उकाडा असेल तर जास्त. तळ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी खळखळून १ मिनिट उकळावं लागतं, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय असेल तर ते उकळूनही पिऊ नका, विष तसंच राहतं. मुलांना आणि कुत्र्यांना त्यापासून लांब ठेवा.

पोहण्याचा मोह आवरा. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक उडी मारली की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि पट्टीचा पोहणाराही त्या पहिल्या मिनिटात पाणी गिळतो.

नाव नोंदवताना मुलांचं वय आणि गुडघ्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर तो सांगा, म्हणजे पूर्ण फेरी की जाऊन-येऊन ते आधीच ठरवता येईल.