‘वीरधवल’ वाचणारा महाराष्ट्र

‘वीरधवल’ची मी हाताळलेली पहिली प्रत एका वाचनालयातली होती. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर नंबराची चिठ्ठी, पानांचे कोपरे बोटं लागून लागून काळवंडलेले आणि शेवटची सोळा पानं गायब. शेवट मला ग्रंथपालांनी तोंडी सांगितला. त्यांनाही तो कुणीतरी तोंडीच सांगितला होता.

नाथमाधवांची ही कादंबरी १९१३ सालची. आज मराठीच्या पदवीधरालाही बहुधा तिचं नावच ठाऊक असतं, पण एके काळी ती घराघरांत वाचली गेली. तिच्यासारख्या कादंबऱ्यांचं मूळ शोधत गेलं, की आपण थेट लंडनच्या रस्त्यावर पोचतो.

तिथे जॉर्ज रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) एका पेनीला एक अंक अशी आठवड्याच्या आठवड्याला कादंबरी विकत होता. त्याची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ १८४४ पासून अशीच निघाली. तळघरं, वेषांतरं, परागंदा वारस, उमरावांच्या हवेल्यांत दडलेली पापं. कष्टकरी वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं, प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. पुढे इंग्लंड त्याला विसरलं, पण इकडे नव्याने इंग्रजी शिकलेली पिढी त्याच्यावर तुटून पडली. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच पुस्तकावरून सुचलेली. हरिभाऊ लवकरच आपल्या वाटेने गेले. रेनॉल्ड्सचा धागा पुढे नेला तो गो. ना. दातारशास्त्री (१८७३–१९४१) आणि नाथमाधव यांनी. दातारशास्त्र्यांच्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘बंधुद्वेष’ या कादंबऱ्या हातात घेतल्या की खाली ठेववत नसत. ‘वीरधवल’च्या कथानकाचा उगमही रेनॉल्ड्सकडेच जातो.

उसनवारीचा हा शिक्का या लेखकांना कायमचा चिकटला. मला तो अन्यायाचा वाटतो. सांगाडा बाहेरचा असेल, पण त्यावर चढलेलं रक्तमांस इथलं होतं. गड इथले, घाट इथले, माणसांचे मानापमान इथले. ना. सी. फडक्यांसारख्या पुढच्या काळातल्या मान्यवर कादंबरीकाराची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर!’ (१९१७) हीदेखील मेरी कोरेलीच्या ‘टेंपोरल पॉवर’वर बेतलेली आहे. ही कोरेलीबाई म्हणजे त्या काळी इंग्लंडमधली प्रचंड खपाची लेखिका. तिलाही आता तिथे कुणी फारसं वाचत नाही. एका भाषेने टाकलेली पुस्तकं दुसरीत नव्याने जगली आणि मग तिथेही अडगळीत गेली, असा हा दुहेरी विसर आहे.

नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, १८८२ साली मुंबईत जन्मले. तरुणपणी शिकारीसाठी सिंहगडावर गेले असताना ते कड्यावरून कोसळले. कमरेखालचं शरीर लुळं पडलं ते कायमचं. पुस्तकांची संगत मग वाढली आणि त्यातून लेखणी हाती आली. १९०८ पासून त्यांच्या कादंबऱ्या येऊ लागल्या: ‘सावळ्या तांडेल’, ‘रायक्लब’, ‘वीरधवल’, ‘डॉक्टर’. १९२१ पासून शिवकालावरची स्वराज्यमाला. १९२८ साली ते गेले. दरी, घोडदौड, कड्यावरची झुंज हे सारं एक खिळलेला माणूस लिहीत होता, हे कळल्यावर त्यांची पानं मला वेगळी वाचता येऊ लागली.

वेळही त्यांना साथ देणारी होती. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि १९१०च्या वृत्तपत्र कायद्याने छापखान्यांच्या मानेवर जामिनाची, म्हणजे सरकारविरोधी मजकूर छापला तर जप्त होणाऱ्या रकमेची, सुरी ठेवली होती. अग्रलेखात जे लिहिता येत नव्हतं, ते कादंबरीतल्या जुलमी सरदाराविरुद्ध उभ्या राहणाऱ्या तरुणाच्या तोंडी घालता येत होतं. अद्भुत कादंबरीच्या ओढीमागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

ही पुस्तकं विकत घेणारे थोडे, वाचणारे अमाप. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. शिवाय गावोगावची नगर वाचनालयं. अनामत आणि महिन्याची वर्गणी भरली की पुस्तक घरी येई, एकजण मोठ्याने वाची आणि माजघरापर्यंत सगळे ऐकत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १८९५ साली सुरू केलेल्या ‘मनोरंजन’सारख्या मासिकांनी हा वाचक घडवला आणि १९०९ साली त्याला पहिला दिवाळी अंकही दिला.

याच व्यवस्थेने पुस्तकं संपवलीही. प्रत फाटेपर्यंत फिरली, मग रद्दीत गेली. नवी आवृत्ती निघाली नाही, तर गावातून ती कथाच उठली. तोवर समीक्षेचं मापही बदललं होतं. वास्तव आणि विचार यांना मान मिळाला. ‘अद्भुतरम्य’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. दातारशास्त्र्यांच्या कादंबऱ्या अलीकडे पुन्हा छापल्या गेल्या, याचा म्हणूनच फार आनंद झाला.

नारायण हरी आपट्यांचं उदाहरण तर जिव्हारी लागतं. साताऱ्याजवळच्या कोरेगावचे हे लेखक, हरिभाऊ आपट्यांहून वेगळे. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावून दिलेल्या आणि त्याला नवरा मानायला ठाम नकार देणाऱ्या मुलीची कथा त्यांनी १९२३ साली लिहिली. प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) हा चित्रपट तिच्यावरच निघाला. शांता आपट्यांची ती नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब अजून लोकांना आठवतात. मूळ कादंबरीचं नाव मात्र दर वेळी सांगावं लागतं: ‘न पटणारी गोष्ट’.