बौद्धिक दिव्यांग खेळाडू व स्वयंसेवकांचा सन्मान (कोकण)

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींच्या क्रीडास्पर्धांत खेळाडूंचा आणि त्यांच्यासाठी मैदानावर राबणाऱ्यांचा जाहीर गौरव करण्याची प्रथा. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत विशेष शाळा आणि प्रौढ दिव्यांगांना काम देणाऱ्या कार्यशाळा ती पाळतात. रत्नागिरीतील ‘आविष्कार’सारख्या संस्थेत शाळकरी मुलांसोबत कार्यशाळेत काम करणारे प्रौढही असतात, त्यामुळे सगळ्यांना सरसकट ‘विशेष मुले’ म्हणणे चुकीचे आहे. पस्तिशीतला गोळाफेकपटू व्यासपीठावर ‘आपला बाळ’ होतो, तिथेच सन्मान निम्मा होतो. ‘मतिमंद’ हा शब्द जुन्या शाळांच्या पाट्यांवर अजून दिसतो. नव्या लेखनात ‘बौद्धिक दिव्यांग’ रूढ आहे.

कोकणात या स्पर्धांचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा. पावसाळ्यात जांभ्याच्या तांबड्या मैदानावर चुन्याची फक्की टिकत नाही, आणि ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन हे सोयीचे निमित्तही असते. पन्नास व शंभर मीटर धावणे, उभ्याने लांब उडी, सॉफ्टबॉल फेक, बोची (लक्ष्य-चेंडूच्या जवळ आपले चेंडू टाकण्याचा खेळ) हे नेहमीचे प्रकार. ज्यांना धावणे जमत नाही त्यांच्यासाठी पंचवीस मीटर चालणे असते.

सन्मानाची आजची चौकट मुख्यत्वे स्पेशल ऑलिम्पिक्सने, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा चळवळीने, घालून दिली. तिच्या संस्थापक युनिस केनेडी श्रायव्हर (अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण) यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत स्वतःच्या घराच्या आवारात उन्हाळी शिबिर घेतले. त्यातून पुढे २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. अमेरिका व कॅनडातून सुमारे हजार खेळाडू आले होते. ‘मला जिंकू द्या, जिंकता आले नाही, तर धैर्याने प्रयत्न करू द्या’ अशा आशयाची खेळाडूंची शपथ तेव्हापासूनची. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९८८ मध्ये या चळवळीला मान्यता दिली. भारतात स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था २००१ पासून हे काम पाहते. पॅरालिम्पिक ही वेगळी स्पर्धा आहे. तिथे बौद्धिक दिव्यांगांसाठी मोजकेच प्रकार असतात आणि पात्रतेचे निकष कडक असतात. जिल्ह्याच्या कार्यक्रमांत मात्र निवेदक दोन्हींची हमखास गल्लत करतात.

या स्पर्धेत पदक कोणाला मिळणार हे गट कसे पाडले यावर ठरते. आधी प्राथमिक फेरी घेऊन लिंग, वय व क्षमतेनुसार खेळाडूंचे गट करतात. एका गटातील सर्वोत्तम व सर्वात कमी कामगिरीत शक्यतो पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसावा आणि गटात तीन ते आठ जण असावेत, असा संकेत आहे. पहिल्या तिघांना पदके, चौथ्यापासून आठव्यापर्यंत फिती. ‘सगळ्यांनाच बक्षीस, मग स्पर्धा कसली?’ असे बाहेरून येणारे पाहुणे विचारतात. चार जणांत चौथा आलेला खेळाडू फीत घेताना तिसऱ्याच्या पदकाकडे कसा बघतो, हे पाहिले की त्यांना उत्तर मिळते.

कोकणी समारंभाचे स्वतःचे नियम असतात. गावात पालखीच्या वेळी मानकऱ्यांचा क्रम ठरलेला, तसाच इथे शाल, श्रीफळ आणि गुच्छाचा. या रिवाजाची खेळाडूंशी मात्र दर वेळी जुळणी होतेच असे नाही. दमट हवेत अंगावर घातलेली शाल काहींना सहन होत नाही. ते ती तिथल्या तिथे काढून टाकतात. हाताची पकड कमजोर असलेल्याच्या हातून नारळ सुटतो आणि मंचावर घरंगळत जातो. ढोल-ताशा सुरू झाला की स्वमग्न (ऑटिझम असलेला) खेळाडू कान झाकून बसतो. म्हणून अनुभवी शिक्षक आठवडाभर आधीपासून तालीम घेतात: पायरी चढ, मान वाकव, हात पुढे कर, फोटोकडे बघ. नारळ आईच्या हाती द्यायचा आणि पदक खेळाडूच्याच गळ्यात घालायचे, ही काही ठिकाणची तडजोड शहाणपणाची आहे. पाहुण्यांचे भाषण मात्र पदकांनंतर ठेवावे, हे अजून सगळ्या आयोजकांना पटलेले नाही. भाषण संपेपर्यंत रांगेतल्या खेळाडूंचे तोंड उन्हाने लाल झालेले असते.

मोठ्या यशाचा मान वेगळ्या पातळीवरून होतो. बर्लिनच्या २०२३ मधील जागतिक उन्हाळी स्पर्धेत भारताने ७६ सुवर्णांसह २०२ पदके मिळवली. केंद्र सरकारच्या रोख पुरस्कार योजनेत स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक स्पर्धेतील पदकांचा समावेश आहे.

स्वयंसेवकांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी संख्येने बरेच असतात. योजनेत दोन वर्षांत २४० तासांची सेवा अपेक्षित असल्याने त्यांना प्रमाणपत्र कामालाही येते. कामे बारीकसारीक दिसतात, पण नेमकी असतात. धावपट्टीच्या टोकाला उभे राहून खेळाडूला नावाने हाक मारत राहणे, हे त्यातले एक. हाक थांबली तर काही जण मध्येच थबकतात, किंवा प्रेक्षकांत आई दिसली म्हणून तिकडे वळतात. पूर्वी अमेरिकेतील स्पर्धांत शेवटच्या रेषेवर धावपटूला मिठी मारण्यासाठीच माणसे नेमलेली असत. आता निदान मोठ्या माणसाला मिठीपेक्षा हस्तांदोलन शोभते.

ज्यांना प्रमाणपत्राचा काहीच उपयोग नाही, त्यांचा सन्मान राहून जातो. शाळेतल्या मावशी पहाटे डबे भरतात, कपडे बदलायला मदत करतात, कोणाला फीट येते आणि गोळी कुठल्या पिशवीत आहे हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांचे नाव आभारप्रदर्शनात शेवटून दुसरे येते, मंडपवाल्याच्या आधी. ते पुकारले जाते तेव्हा मावशी बहुधा मैदानात नसतात. मुलांना एसटीत बसवून डोकी मोजत असतात.